केमिकल वेपन्सची फाइल तुमच्या टेबलावर आली तर

२००६ सालची गोष्ट. लोटे परशुरामच्या एमआयडीसीत आमचा कीटकनाशकांचा कारखाना आणि मी तिथल्या क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये. एका दुपारी वर्क्स मॅनेजर आले, एक गुलाबी फाइल माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, हे आता तुमच्याकडे." कव्हरवर जाड पेनानं लिहिलेलं : केमिकल वेपन्स. संध्याकाळी घरी सांगितलं तर आईनं हातातलं वाटण तसंच ठेवलं. "पोलिसांचं काही लफडं नाही ना गो?"

लफडं नव्हतं. पण फाइल काय आहे हे कारखान्यात कोणालाच नीट सांगता येत नव्हतं, म्हणूनच ती माझ्यापर्यंत घरंगळत आली होती. निवृत्त होईपर्यंत ती माझ्याकडे राहिली. आताही दर जानेवारीत महाड, रोहा, तारापूर, कुरकुंभ, कुठून तरी फोन येतोच : "ताई, सीडब्ल्यूसीची फाइल माझ्या गळ्यात पडलीय. काय करायचं?" दरवेळी फोनवर तेच दळण दळण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

हे विचारतंय कोण, ते आधी समजून घ्या

सीडब्ल्यूसी म्हणजे रासायनिक अस्त्रांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार. तो २९ एप्रिल १९९७ ला लागू झाला. त्याची अंमलबजावणी बघणारी संघटना, ओपीसीडब्ल्यू, नेदरलँड्समधल्या हेगला आहे. तिलाच २०१३ चं शांततेचं नोबेल मिळालं. भारतानं सही केली जानेवारी १९९३ मध्ये आणि करार मंजूर केला १९९६ मध्ये. आपल्याकडे स्वतःचाही अस्त्रांचा साठा होता. तो १९९७ मध्ये जाहीर केला आणि २००९ पर्यंत सगळा नष्ट केला. "हे परदेशी लोक आपल्या कारखान्यात का म्हणून नाक खुपसतात?" असं तुमचे एमडी विचारतील. विचारतातच. तेव्हा हे सांगायला बरं पडतं.

प्रत्येक सदस्य देशाला आपल्याकडे एक राष्ट्रीय प्राधिकरण नेमावं लागतं. आपलं प्राधिकरण दिल्लीत, मंत्रिमंडळ सचिवालयाखाली आहे. कायदा २००० सालचा, लागू झाला १ जुलै २००५ पासून. माझ्या टेबलावर फाइल २००६ मध्ये का आली, त्याचं उत्तर इथं आहे. देशभरातल्या कारखान्यांची माहिती केंद्राच्या रसायन आणि पेट्रोरसायन विभागामार्फत गोळा होते, प्राधिकरण ती हेगला पाठवतं आणि हेगचे निरीक्षक आले की प्राधिकरणाचे अधिकारी त्यांच्यासोबत येतात. हेगचा माणूस तुमच्या गेटवर एकटा कधीच येणार नाही. तसा कोणी आला तर आत घेऊ नका, दिल्लीला फोन लावा.

अडलात की विचारायला मुंबईत इंडियन केमिकल कौन्सिलचा हेल्पडेस्क आहे. याच कामासाठी कौन्सिलला २०२४ मध्ये ओपीसीडब्ल्यूचा हेग पुरस्कार मिळाला. मला मात्र त्यांचा पुरस्कार कमी आठवतो आणि २००७ च्या जानेवारीत तिथल्या एका गृहस्थांनी फोनवर घेतलेली माझी हजेरी जास्त आठवते. ती पुढे येईलच.

दिल्लीचं हे प्राधिकरण म्हणजे प्रदूषण मंडळ नव्हे आणि फॅक्टरी इन्स्पेक्टरही नव्हे. तुमचा ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, चालतो का, सेफ्टी व्हॉल्व्ह टेस्ट केलाय का, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. भोपाळमध्ये ज्या मिथाइल आयसोसायनेटनं १९८४ च्या डिसेंबरात माणसं मारली, ते या कराराच्या तीन याद्यांपैकी एकातही नाही. ते बनवायला वापरत होते तो फॉस्जिन मात्र आहे, कारण पहिल्या महायुद्धात फॉस्जिन रणांगणावर सोडला होता. इथं धोका किती हा प्रश्न नाही. अस्त्र म्हणून किंवा अस्त्रासाठी ते वापरता येतं का, हा आहे. एवढी गोष्ट डोक्यात बसली की अर्धी फाइल सोपी होते.

आपण कुठल्या खान्यात बसतो ते ठरवा

पहिल्या यादीत सारिन, व्हीएक्स, मस्टर्ड गॅस वगैरे खुद्द अस्त्रं. २०२० पासून नोविचोकही. आपल्यासारख्या कारखान्यात यातलं काही नसतं. चुकून एखाद्या आर अँड डी प्रकल्पात तसा रेणू दिसला, तर हा लेख बाजूला ठेवून आधी दिल्लीला कळवा.

दुसऱ्या यादीत अस्त्र बनवण्याच्या अलीकडची रसायनं आहेत. थायोडायग्लायकॉल घ्या. बॉलपेनच्या शाईत आणि कापडाच्या रंगकामात वापरतात, पण मस्टर्ड गॅसच्या घराण्यातलं म्हणून ते यादीत. डीएमएमपी हे फोममध्ये आग रोखायला घालतात, तेही इथंच. या यादीतलं काही तुम्ही बनवत असाल, प्रक्रियेत घेत असाल किंवा नुसतं वापरत असाल, तरी जाहीर करावं लागतं. बहुतेकांची मर्यादा वर्षाला १ टन. त्यातही मागची तीन वर्षं बघायची, नुसतं गेलं वर्ष नाही.

तिसरी यादी आपल्या पट्ट्यात सगळ्यात जास्त भेटते. फॉस्फरस ट्रायक्लोराइड, फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड, थायोनिल क्लोराइड, ट्रायमिथाइल फॉस्फाइट, ट्रायइथेनॉलअमाइन. इथं फक्त उत्पादन मोजायचं, वर्षाला ३० टनांच्या वर गेलं तर. वापर मोजायचा नाही. माझी हजेरी घेतली गेली ती इथंच. आम्ही सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक करायचो, त्यातल्या ॲसिड क्लोराइडच्या टप्प्याला थायोनिल क्लोराइड लागतं. मी मोठ्या प्रामाणिकपणे वर्षभरात घेतलेला प्रत्येक टँकर लिहून फॉर्म भरला. हेल्पडेस्कवरच्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, थायोनिल तुम्ही बनवता का?"

"नाही, विकत घेतो."

"मग ज्यानं बनवलंय तो लिहील. दोघांनी लिहिलं तर देशाचं उत्पादन दुप्पट नाही का होणार?"

आणि आता चौथा खाना. याला यादी नाही, आणि आपल्यातले निम्म्याहून जास्त फोन याच्याचमुळे येतात. करारात यांना 'इतर रसायन उत्पादन केंद्रं' म्हणतात, आम्ही सगळे ओसीपीएफ म्हणतो. यादीत नसलेली सेंद्रिय रसायनं तुम्ही संश्लेषणानं, म्हणजे रिॲक्शन करून, वर्षाला २०० टनांपेक्षा जास्त बनवत असाल तर तुम्ही यात आलात. रेणूत फॉस्फरस, सल्फर किंवा फ्लोरिन असेल तर मर्यादा खाली येते : एका प्लांटात तसं एक रसायन ३० टनांच्या वर गेलं की पुरे. या तिघांना फाइलीत पीएसएफ म्हणतात. बहुतेक नर्व्ह एजंट, म्हणजे मज्जासंस्थेवर घाला घालणारी विषं, फॉस्फरसभोवतीच बांधलेले असतात आणि आमचं प्रोफेनोफॉस हे कीटकनाशकसुद्धा. रिॲक्टर, कंडेन्सर, स्क्रबर सगळं सारखंच दिसतं. म्हणून अशा प्लांटवर जरा जास्त डोळा. नुसती हायड्रोकार्बन किंवा नुसती स्फोटकं बनवणाऱ्या साइट यातून वगळल्या आहेत, पॉलिमरही मोजायचे नाहीत.

'संश्लेषणानं' हा शब्द लाल पेनानं अधोरेखित करा. कीटकनाशकवाल्यांची नेहमीची चूक अशी : मार्केटिंगकडून विक्रीचा आकडा घेतात. मार्केटिंगचा आकडा म्हणजे ईसीचे लिटर. ईसी म्हणजे टेक्निकलमध्ये, म्हणजे मूळ कीटकनाशकात, सॉल्व्हंट आणि इमल्सिफायर घालून ढवळलेलं मिश्रण, त्यात रिॲक्शन कुठं आहे? मोजायचं ते टेक्निकल. नुसतं फॉर्म्युलेशन करणारं युनिट यात बसतच नाही. टोल्युइन रिकव्हरीचा कॉलमही नाही, कारण ऊर्ध्वपातन म्हणजे उत्पादन नव्हे. मधल्या टप्प्यातली रसायनं कशी धरायची, हा प्रश्न मात्र प्रत्येक प्लांटचा वेगळा असतो. प्रोसेसचा फ्लो डायग्राम समोर ठेवून हेल्पडेस्कशी बोला, स्वतःच्या मनानं ठरवू नका.

आकडे : जानेवारी ते डिसेंबर

आता माझी दुसरी चूक, पहिलीपेक्षा महाग पडलेली. करार कॅलेंडर वर्ष मानतो. आपली अख्खी कंपनी मात्र एप्रिल ते मार्च जगते. अकाउंट्सला 'गेल्या वर्षीचं उत्पादन द्या' म्हणालात की ते निर्धास्तपणे आर्थिक वर्षाचा आकडा देतात, आणि तो ऑडिट झालेला असल्यामुळे दिसतोही भारदस्त. मी दोन वर्षं तोच पाठवला. तिसऱ्या वर्षी महिन्यावार बेरीज करायला बसले आणि घाम फुटला. दिल्लीला दुरुस्तीचं पत्र पाठवलं. तिकडून कोणी ओरडलं नाही, सुधारित फॉर्म मागवला इतकंच. पण स्वतःहून सांगितलं म्हणून. हाच फरक निरीक्षकाला सापडला असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

तेव्हापासून मी एक साधी एक्सेल शीट ठेवली. आडव्या ओळीत महिने, उभ्या रकान्यात प्लांट आणि प्रॉडक्ट. दर महिन्याच्या पाच तारखेला ट्रान्सफर स्लिपवरून आकडा भरायचा, म्हणजे प्लांटनं गोडाउनला माल दिल्याची जी चिठ्ठी असते तिच्यावरून. एमआयएस रिपोर्टवरून नाही. एमआयएसमध्ये प्लॅन आणि प्रत्यक्ष यांची खिचडी असते. ३१ डिसेंबरच्या रात्री चार्ज केलेली बॅच १ जानेवारीला खाली उतरली तर ती कोणत्या वर्षाची? मी स्लिपची तारीख धरायचे. तुम्ही दुसरं काही धरा, पण एकदा धरलं की दरवर्षी तेच, आणि शीटच्या तळाशी लिहून ठेवा. पाच वर्षांनी कोणी विचारलं तर तुम्हाला आठवणार नाही.

दुसरी अडचण 'साइट'ची. कराराच्या भाषेत तीन पातळ्या आहेत : साइट, तिच्यात प्लांट, प्लांटात युनिट. आमचे दोन प्लॉट, मधून एमआयडीसीचा रस्ता, दोन गेट, पण मॅनेजर एक, बॉयलर एक, पाइपरॅक रस्त्यावरून गेलेला. एक साइट की दोन? आधीच्या माणसानं दोन लिहिल्या होत्या. कामकाजाचं नियंत्रण एकाच हातात आहे, म्हणून चर्चेनंतर ती एक झाली. तुमच्याकडेही प्लॉट वाढले असतील, शेजारचं बंद पडलेलं युनिट कंपनीनं घेतलं असेल. जुन्या फॉर्मवरचा पत्ता तसाच उतरवू नका. एकदा चालत जाऊन गेट मोजा.

फॉर्ममध्ये अचूक टन लागतील या भीतीनं मालक लोक बिचकतात. ओसीपीएफला नेमका आकडा द्यावाच लागत नाही. पीएसएफ प्लांटसाठी टप्पे आहेत : २०० टनांच्या आत, २०० ते १०००, १००० ते १०,०००, त्याच्या वर. प्रॉडक्टचं नाव नाही, गटाचा कोड द्यायचा. आमचा ५९१, म्हणजे कीटकनाशकं आणि त्यांची भावंडं. स्पर्धकाला यातून काय कळणार? हे एमडींना एका कागदावर लिहून दाखवा, सही पटकन होते.

गेल्या वर्षाचं जाहीरपत्र देशानं हेगला वर्ष संपल्यापासून ९० दिवसांत द्यायचं असतं. म्हणजे दिल्लीची मुदत मार्चअखेर आणि तुमची अर्थातच त्याच्या बरीच आधी. दुसऱ्या-तिसऱ्या यादीवाल्यांना पुढच्या वर्षाचा अंदाजही द्यावा लागतो, तो वर्ष सुरू व्हायच्या ६० दिवस आधी, म्हणजे दिवाळीच्या सुमारास. ओसीपीएफला अंदाज नाही. फॉर्म भरायची पद्धत मधूनमधून बदलते, म्हणून मागच्या वर्षीची कॉपी उघडण्याआधी यंदाच्या सूचना मागवा.

निर्यातीबद्दल थोडक्यात, कारण ते काम शक्यतो एक्स्पोर्ट डिपार्टमेंटकडेच राहू द्यावं. याद्यांमधली रसायनं डीजीएफटीच्या, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, स्कोमेट या निर्यात-नियंत्रणाच्या यादीतही आहेत. कराराबाहेर जगात चारच देश उरलेत : इजिप्त, उत्तर कोरिया, दक्षिण सुदान, आणि सही करूनही मंजुरी न दिलेला इस्रायल. उत्तर कोरियाला माल पाठवायला कोणी बसलेलं नाही. पण इजिप्त आणि इस्रायल ही रोजच्या धंद्यातली गिऱ्हाइकं आहेत. ट्रायइथेनॉलअमाइनचे चार ड्रम कॉस्मेटिकवाल्याला पाठवतोय, त्यात काय, असं वाटतं. तिसऱ्या यादीतलं काही अशा देशात जाणार असेल तर तिथल्या सरकारकडून अंतिम वापराचा दाखला लागतो, आणि दुसऱ्या यादीतलं तर जाऊच शकत नाही. मार्केटिंगवाल्यांच्या भिंतीवर ही चार नावं चिकटवून या.

तपासणीचा फोन

ओसीपीएफ आणि तिसऱ्या यादीची साइट वर्षाला २०० टनांच्या वर असेल तर तपासणी होऊ शकते. दोन्ही मिळून एका देशात वर्षाला जास्तीत जास्त २० तपासण्या, त्यामुळे तुमचा नंबर लागेलच असं नाही. आमचा लागला. सूचना निरीक्षक साइटवर पोचण्याच्या किमान १२० तास आधी मिळते. दुसऱ्या यादीला ४८ तासच.

१२० तास म्हणजे नेमका पाच दिवसांचा गणपती. आणि आम्हाला दिल्लीचा फोन आला तो चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात. कोकणात गणपतीला कारखान्याची काय अवस्था असते ते इथल्यांना सांगायला नको. निम्मे ऑपरेटर गुहागर-राजापूरच्या गाड्या पकडून गेलेले, एक प्लांट मेंटेनन्ससाठी उघडून ठेवलेला, कॅन्टीनवाला रजेवर. मी विचारलं, "तारीख पुढे ढकलता येईल का?" पलीकडचे अधिकारी सभ्यपणे म्हणाले, "नाही." प्लांट बंद असला तरी चालतो, ते बंद प्लांटही बघतात. चालू दाखवण्यासाठी घाईनं बॅच चढवू नका. आमच्याकडे एकानं तसं सुचवलं होतं.

त्या पाच दिवसांत काय करायचं? रंगरंगोटी सोडून सगळं. साइटचा नकाशा आजचा आहे का बघा. आमच्या नकाशात दोन वर्षांपूर्वी पाडलेली शेड उभी होती. गेल्या वर्षाचं जाहीरपत्र, त्यामागची शीट आणि शीटमागच्या चिठ्ठ्या अशी तीन थरांची चळत एका खोलीत लावा. कागद कुठं ठेवता तेही महत्त्वाचं. आमच्या एका सल्लागाराचं ऑफिस चिपळूणच्या बाजारपेठेत तळमजल्यावर होतं. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीनं त्याच्या सगळ्या फाइली नेल्या, त्यात आमच्या जुन्या प्रतीही. लोटे उंचावर आहे म्हणून मूळ कागद वाचले. पाहुणे मुंबईहून रस्त्यानं येणार असतील तर पावसाळ्यात कशेडी लक्षात ठेवा, आणि मुक्काम चिपळूणला असेल तर परशुराम घाट. दरड आली तर पर्यायी रस्ता कोणता, हे आमच्या ड्रायव्हरनं दिल्लीच्या अधिकाऱ्यांना आधी फोनवर समजावलं होतं. त्यावर ते फार खूश झाले.

तिघे निरीक्षक आले, सोबत दिल्लीचे अधिकारी. गेटवरच आमच्या वॉचमननं, म्हणजे सगळे ज्यांना अण्णा म्हणतात त्यांनी, हात पुढे केला : "मोबाइल." माझा जीव टांगणीला. पण पथकाच्या प्रमुखानं हसून फोन काढून दिला, कारण आत ज्वलनशील सॉल्व्हंट आहेत आणि साइटचे सुरक्षानियम निरीक्षकांनाही लागू असतात. करारातच तसं लिहिलंय. मात्र त्यांच्यासोबत मान्यताप्राप्त उपकरणांची यादी असते, ती आधी मागवून गेटवर द्या. त्यांचं एखादं यंत्र अडवलंत तर तो विनोद राहत नाही.

सुरुवातीला आपण माहिती द्यायची, जास्तीत जास्त तीन तास. आमच्या मार्केटिंगनं ८४ स्लाइड बनवल्या होत्या. संचालकांचे फोटो, निर्यातीचे पुरस्कार, वृक्षारोपण. मी रात्री बसून १९ वर आणल्या. त्यांना हवं ते एवढंच : नकाशा, इथं काय होतं, कुठल्या इमारतीत होतं, सुरक्षा काय पाळायची, जेवण कुठं आणि स्वच्छतागृह कुठं. शेवटच्या दोन गोष्टी स्लाइडवर घालायला लाजू नका.

मग फेरी. त्यांना सिद्ध करायचं असतं की जाहीर केलंय तसंच इथं चालतं आणि पहिल्या यादीतलं काही इथं बनत नाही. म्हणून त्यांची नजर आपल्या ऑडिटरसारखी फिरत नाही. ते बघतात रिॲक्टर कशाचा आहे, वायू धुणारा स्क्रबर किती तगडा आहे, एखाद्या खोलीला नको इतकं व्हेंटिलेशन का आहे. आमच्या बी प्लांटमध्ये एक जण ग्लासलाइन्ड रिॲक्टरसमोर थांबला. हा काचेचं अस्तर असलेला का, बाकीचे स्टेनलेसचे असताना? शिफ्टला आमचे तात्या होते, तीस वर्षं रिॲक्टरवर काढलेले. मी तोंड उघडणार तोच ते म्हणाले, "थायोनिलमधनं ॲसिड वायू सुटतो हो. लोखंड खाऊन टाकील तो." दिल्लीच्या अधिकाऱ्यांनी भाषांतर केलं, निरीक्षकानं मान डोलावली, वहीत एक ओळ लिहिली आणि पुढे गेला. माझ्या १९ स्लाइडपेक्षा त्या एका वाक्याचा उपयोग जास्त झाला. कामगारांशी ते आपल्या प्रतिनिधींसमोर बोलू शकतात. म्हणून आधी कामगारांना पढवू नका. एवढंच सांगा की माहीत असेल ते बोला, नसेल तर 'माहीत नाही' म्हणा.

फोटो निरीक्षक स्वतः काढत नाहीत. त्यांनी सांगायचं, आपण काढायचा. ठिणगी-सुरक्षित कॅमेरा तयार ठेवा. नमुना मागण्याचा अधिकार त्यांना आहे, तोही आपल्याच माणसानं घ्यायचा. आमच्याकडे मागितला नाही, पण धुतलेल्या बाटल्या लॅबमध्ये मांडून ठेवल्या होत्या. एका कंट्रोल पॅनेलवर कॅटॅलिस्टचं प्रमाण उघडं लिहिलेलं होतं. मी दिल्लीच्या अधिकाऱ्यांच्या कानावर घातलं, त्यांनी पथकाशी बोलून तेवढा भाग झाकायला परवानगी मिळवली. व्यापारी गुपित राखायची सोय करारात आहे. फक्त ती आधी आणि योग्य माणसातर्फे मागायची. परस्पर पडदा टाकलात तर तो पडदाच मोठा प्रश्न होऊन बसतो.

अडकलो कुठं? भंगारात. ईटीपीमागच्या शेडमध्ये रिकाम्या ड्रमांची रास होती आणि त्यातल्या तीन ड्रमांवर आम्ही कधीच न घेतलेल्या रसायनाची लेबलं. वाळू भरायला कोणीतरी बाहेरून जुने ड्रम आणलेले. झाकण उघडून वाळू दाखवली, कंत्राटदाराची चलान शोधून काढली, यात पाऊण तास गेला. तुमच्या भंगाराच्या शेडमध्ये आजच एक चक्कर मारा. आपल्या नसलेल्या लेबलाचा ड्रम दिसला की लेबल खरवडा किंवा ड्रमच बाहेर काढा, आणि हे फोन यायच्या आधी करा. फोन आल्यावर केलंत तर ते लपवल्यासारखं दिसतं.

दुपारनंतर कागद. त्यांनी प्रोफेनोफॉसचे कोणतेही दोन महिने निवडले आणि चिठ्ठ्या मागितल्या. ऑगस्टची एक चिठ्ठी सापडेना. ४२ नंबर आहे, ४४ आहे, ४३ नाही. स्टोअरकीपर घामाघूम. शेवटी ती मिळाली ड्रॉवरमध्ये, कारखान्याच्या गणपतीच्या वर्गणीच्या पावतीपुस्तकात, खूण म्हणून घातलेली. मागच्या बाजूला मोदकांचा हिशोब. निरीक्षकानं दोन्ही बाजू नीट वाचल्या आणि मागच्या बाजूबद्दल काही विचारलं नाही.

अशा साइटवर तपासणीला आपल्या सरकारच्या संमतीशिवाय २४ तासांपेक्षा जास्त वेळ घेता येत नाही. ती संपल्यावर २४ तासांच्या आत प्राथमिक निष्कर्षांचा कागद तयार होतो. त्यावर पथकाचा प्रमुख आणि आपल्या सरकारचा प्रतिनिधी सही करतात, कारखान्याची सही नसते. तरी सह्या होण्याआधी आमच्याशी संबंधित परिच्छेद वाचायला मिळावेत, अशी विनंती मी केली होती. एका ठिकाणी बी प्लांटऐवजी डी प्लांट लिहिलं गेलं होतं. लगेच दुरुस्त झालं. नंतर हेगहून मुख्य अहवाल येतो दिल्लीला, आणि तिथून आपल्या वाट्याचं असेल ते आपल्याला.

पाहुणे गेल्यावर लगेच घरी जाऊ नका. कोणी कुठं थांबलं, काय विचारलं, कोणी काय उत्तर दिलं, हे त्याच रात्री दोन पानं लिहून फाइलीत लावा. माझी ती दोन पानं पुढच्या माणसानं आल्याआल्या मागून घेतली.

फाइल सोपवताना मी त्याला गुलाबी कव्हर उलटून आतली बाजू दाखवली. तिथं पेन्सिलनं फोन नंबर आहेत : दिल्ली, हेल्पडेस्क, चिपळूणचं हॉटेल, घाटातला रस्ता सांगणारा ड्रायव्हर, ठिणगी-सुरक्षित कॅमेरा भाड्यानं देणारा. पेन्सिलनं अशासाठी की ते बदलतात. त्यानं माझ्यासमोरच एकेक लावून पाहिला. ड्रायव्हरचा लागला नाही. तो आता मुलाकडे पुण्याला असतो.